गाडीकडे पाठ

आमच्या भावकीत कुणाच्या पोरीची सोयरीक निघाली, की मुलाचा बायोडाटा गुरुजींच्या आधी माझ्याकडे येतो. गुरुजी गुण बघतात, अवगुण बघायला मी. कोल्हारात मला तोंडावर मच्छिंद्रअण्णा म्हणतात आणि माघारी सीआयडी म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. म्हणेनात. उभी नोकरी मी साखर कारखान्यात चिटबॉय म्हणून केली. कुणाचा ऊस कुठल्या शेतात, कुणी शेजाऱ्याच्या उसावर आपलं नाव लावलं, कुणाचा ऊस नुसता कागदावर वाढतोय, हे बांधाबांधानं फिरून बघायचं काम. त्या कामात माणूस उन्हात चालायला शिकतो, आणि कुणाच्या शब्दावर जायचं नाही हेही शिकतो.

चौकशीची माझी रीत ठरलेली आहे. मुलाच्या घरी जायचं नाही. घरची माणसं चहा पाजतात आणि चहा प्यालेला माणूस मऊ पडतो. आधी न्हावी गाठायचा, मग किराणा दुकान, मग बांधावरून ज्याचं भांडण आहे तो शेजारी. आपलं नाव सांगायचं नाही, गाव तर नाहीच. गाय बघायला आलोय म्हणायचं. मुलाबद्दल जो वाईट बोलेल त्याचं निम्मं धरायचं. जो चांगलं बोलेल त्याचं काहीच धरायचं नाही.

या रीतीनं मी पुष्कळ सोयरिकी मोडल्या. त्यातल्या दोन माझ्या सख्ख्या भाचीच्या, अश्विनीच्या. एका मुलाच्या घराला ऐन चौकशीच्या वेळी ताजा रंग दिला होता. रंग कशाला? काहीतरी झाकायचं असणार. दुसऱ्याची न्हाव्यानं इतकी स्तुती केली, की मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो.

अश्विनी माझ्या धाकट्या बहिणीची, रतनची मुलगी. रतन गावातच दिलेली. पोरगी बी.एस्सी. झाली आणि एका लॅबमध्ये रक्त तपासायला लागली. वय वाढत चाललं होतं. तशात नगरचं स्थळ आलं. आदिनाथ नावाचा मुलगा, पिठाची गिरणी, मसाला कांडपाचं मशीन, घरी आई गोजरबाई, वडील वारलेले. बायोडाटात खाली 'छंद' म्हणून लिहिलं होतं: रेल्वेगाड्यांचे फोटो काढणे.

मी तिथंच थांबलो. छंद म्हणजे कुणी भजन करतं, कुणी कबुतरं पाळतं. गाड्यांचे फोटो? गाडी काय नवरी आहे? शिवाय ते दिवस असे, की बातम्यांत रोज कुठं ना कुठं हेर पकडलेला असायचा. आणि नगर म्हणजे रणगाड्यांचं गाव. स्टेशनच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, माझ्या तोंडी मात्र नगरच येतं. नाव कुठलंही घ्या, लष्कर तिथलं हललेलं नाही. मला पाणी मुरताना दिसायला लागलं.

पण बघण्याच्या कार्यक्रमात अश्विनीला हा मुलगा आवडला होता. माझ्या रीतीप्रमाणे मी त्या कार्यक्रमाला गेलो नव्हतो. तिनं मला तसं सरळ सांगितलं. "मामा, तुम्ही जा. पण शोधायला जाऊ नका, बघायला जा. आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट यायच्या आधी आजार सांगत नाहीत."

रतन आतून म्हणाली, "दादा, ह्या बारीला मोडलं तर पोरगी पुन्हा बघायला बसायची न्हाई. तसं बोललीया ती मला."

लग्नात मुलीला मांडवात मामा आणतो. तो मान माझा होता. खोट्या घरात मी तिला कशी नेऊन उभी करू? मी नगरची एसटी धरली.

न्हाव्याकडे आणि किराणा दुकानात काही हाती लागलं नाही. बांधावरून भांडायला त्या घराला बांधच नव्हता. दुपारी गिरणी बंद झाली की मुलगा मालधक्क्याकडे जातो एवढं कळलं. मालधक्का म्हणजे मालगाड्या भरायची-उतरवायची जागा; अख्ख्या मालगाडीला तिथं रॅक म्हणतात. मी तिथं गेलो. एका बाजूला रूळच रूळ, कडेला उंच मुरमाचा ढीग, मग रस्ता, रस्त्याच्या अलीकडे चांदभाईची चहाची टपरी आणि टपरीला लागून रेल्वेचे क्वार्टर. मुरमाच्या ढिगावर बायोडाटावरच्या फोटोतला आदिनाथ उभा होता. गळ्यात जुना कॅमेरा, भुवयांवर पीठ.

"तुमी कुठले?" चांदभाईनं चहा देता देता विचारलं.

"शेवगावचा. गोरक्ष नाव. युरियाची रॅक कधी लागते ते बघायला आलोय."

"युरिया आज न्हाई. आज कांदा भरतोय." तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मला तो माणूस संशयी वाटला.

"तो पोरगा कोण?"

"आदिनाथ. गिरणीवाला. चांगला पोरगा हाय."

चांगला म्हणाला, म्हणून मी सोडून दिलं. "फोटो कशाला काढतो?"

"मी कधी इचारलं न्हाई. तुमी इचारा की, समोरच तर हाय."

सरळ जाऊन विचारणं माझ्या रीतीत बसत नाही. मी बघत बसलो. कांद्याची रॅक हलली तेव्हा त्यानं गुडघा टेकून फोटो काढला. मनमाडकडची पॅसेंजर आली, तिचा काढला. पॅसेंजरच्या खिडकीत बायका होत्या, मी ते लक्षात ठेवलं. एका मालगाडीच्या ड्रायव्हरनं त्याला बघून हॉर्न दिला आणि हात वर केला. यानंही केला. ही कसली खूण? मी तेही लक्षात ठेवलं. गोवा एक्सप्रेस धडधडत गेली तेव्हा तर तो कॅमेरा खाली ठेवून नुसता हसत उभा राहिला. एकटा माणूस उन्हात उभा राहून हसतो, याचा अर्थ काय घ्यायचा?

आणि मग ती गाडी आली. उघड्या डब्यांवर ताडपत्रीखाली रणगाडे, ताडपत्रीतून बाहेर आलेल्या त्यांच्या नळ्या, मधल्या डब्यात जवान. सगळा मालधक्का थांबला. हमालांनी पाठीवरची पोती खाली टाकली. सांडलेलं धान्य झाडून गोळा करणाऱ्या बायका खराटे धरून उभ्या राहिल्या. चांदभाईचं दूध उतू गेलं. आदिनाथनं मात्र कॅमेऱ्याचं झाकण लावलं आणि गाडीकडे चक्क पाठ केली.

मी कप ठेवला. गाड्यांचं एवढं वेड असलेला माणूस, आणि सगळ्यांत बघण्यासारखी गाडी आली तर पाठ फिरवतो? म्हणजे गाडीपेक्षा बघण्यासारखं दुसरं काहीतरी इकडच्या बाजूला असलं पाहिजे. मी त्याच्या तोंडासमोरची सरळ रेघ धरली. ती येत होती टपरीशेजारच्या क्वार्टरच्या अंगणात. तिथं नारिंगी साडीतली एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती.

सापडला, म्हटलं. छंद म्हणे!

पण एकदा बघून मी निकाल देत नाही. पुढं मी बऱ्याच खेपा घातल्या. एकदा तो उड्डाणपुलावर चढून वरून फोटो काढत होता, तेव्हा मी उसाच्या रसाच्या गाड्यामागे दडून, मान लांब करून त्याच्यावर नजर ठेवली. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, तसं मालधक्क्यावर माझ्यामुळं झालं. मी दिसलो की हमाल बोलायचे बंद होत. झाडणाऱ्या बायकांनी पदराआड धान्याच्या पाट्या लपवल्या. त्यांना मी कुठला तरी तपासनीस वाटलो असणार. मला त्याचं बरंच वाटलं. माणसं घाबरतात म्हणजे काम नीट चाललंय.

अखेर पुन्हा एकदा रणगाड्यांची गाडी आली. पुन्हा आदिनाथनं झाकण लावलं, पुन्हा तोंड इकडे केलं. अंगणात तीच बाई, ह्या खेपेला चादर झटकत. मी मोबाईल काढला आणि एका चौकटीत सगळं धरलं: ढिगावर तो, कडेला अंगणातली ती. घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "पुरावा. बाकी आल्यावर बोलू."

मोबाईल खिशात जायच्या आत खांद्यावर हात पडला.

"चला जरा ऑफिसात," रेल्वे पोलिसांचा, आरपीएफचा हवालदार म्हणाला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माझ्या पुराव्यात तो होता, ती होती, आणि मागं या टोकापासून त्या टोकापर्यंत लष्कराची गाडी होती. ती माझ्या ध्यानातच आली नव्हती.

हवालदारानं माझं आधार कार्ड टेबलावर ठेवलं. "कार्डावर मच्छिंद्र, कोल्हार. चांदभाईला सांगितलं गोरक्ष, शेवगाव. आलात युरियासाठी, आन फोटो काढला मिलिट्रीच्या गाडीचा. बरेच दिस हमालबी सांगत हुते, एक मानूस रसाच्या गाड्यामागं लपून बघतो म्हनून. आता मला सांगा, मी काय समजू?"

असा माणूस माझ्या चौकशीत आला असता तर मी उभ्या उभ्या मोडला असता. खरं सांगावं, तर आम्ही चोरून चौकशी करतोय हे मुलाकडच्यांना कळणार आणि अश्विनीची सोयरीक माझ्यामुळं जाणार. न सांगावं तर मीच आत जाणार. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू.

"सोयरिकीच्या चौकशीला आलोय साहेब. त्या आदिनाथच्या."

हवालदार हसायला लागला. "मंग चौकशीत रणगाडे कशाला लागत्यात?"

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. "तो गाडी आली की पाठ फिरवतो आणि त्या अंगणातल्या बाईकडं बघत उभा राहतो. त्याचा पुरावा आहे हा."

हवालदाराचं हसू थांबलं. त्यानं मोबाईल जवळ ओढला आणि फोटो बराच वेळ पाहिला.

"ही बाई आमच्या घरातली हाय," तो म्हणाला.

त्याच्या डोळ्यांत जे आलं ते मी लगेच ओळखलं. रोज आरशात बघतो मी ते. पण दुसऱ्याच्या तोंडावर पहिल्यांदाच पाहिलं. बिचाऱ्या बाईनं चादर झटकली होती, एवढंच. आता तिच्या घरात संध्याकाळी काय होईल ते माझ्या एका वाक्यावर आलं होतं.

आदिनाथला बोलावणं गेलं. तो गिरणीतून तसाच आला, दंडापर्यंत पीठ. हवालदार त्याला चांगला ओळखणारा. पण त्यानं बस म्हटलं नाही.

"आदिनाथ, मिलिट्रीची गाडी आली की तू तोंड फिरवतोस."

"तुमीच सांगितलंय की साहेब. झाकन लाव आन पाठ कर, म्हंजे लांबनंच कळंल फोटो काढत न्हाईस. तवाच तर हितं उभं ऱ्हाऊ देता."

"व्हय. पन मंग बघतोस कुठं?"

त्याला प्रश्न कळला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या मोबाईलकडे पाहिलं, खिडकीतून दिसणाऱ्या क्वार्टरकडे पाहिलं. मग कळला. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं आता हा माझ्या गळ्याला हात घालणार, आणि त्यानं घातला असता तर माझी काही तक्रार नव्हती. तो पुढं आला, पिठाची बोटं शर्टाला पुसली आणि मोबाईलवरचा फोटो दोन बोटांनी ताणत ताणत मोठा केला. गाडी गेली, अंगण गेलं, बाई गेली. नुसता त्याचा चेहरा उरला.

डोळे मिटलेले होते. घट्ट.

हवालदारानं फोटो उजेडात धरला, पुन्हा पाहिला. "डोळं मिटून करतोस काय रे?"

"ऐकतो," आदिनाथ म्हणाला. "बघायचं न्हाई म्हनला हुता तुमी. ऐकू नको असं न्हवतं म्हनला."

माझ्याकडे न बघता तो पुढं सांगायला लागला, "आमचं वडील ह्याच धक्क्यावर हमाल हुते. मला पोत्यांवर बसवून ठेवायचे. गाडी आली की म्हनायचे, डोळं झाक आन सांग, भरल्याली हाय का रिकामी. उभा जलम गाड्या उतरवल्या त्येंनी, गाडीत कधी बसले न्हाईत. मी फोटो काढतो त्ये आईला दाखवाय. ती बघती आन म्हनती, ही तुझ्या बापानं उतरवली असती."

हवालदारानं श्वास सोडला. "बस," तो म्हणाला आणि स्वतःच उठून त्याला खुर्ची दिली. त्या दोघांच्यातलं मिटलं. माझं मिटायचं होतं. मोबाईल तपासला, फोटो काढून टाकायला लावला, ग्रुपवरचाही, जबाब लिहून घेतला. शेवटी हवालदारानं आदिनाथला विचारलं, "ह्यांना वळखतोस का? तू म्हनत असशील तर सोडतो."

मी त्या मुलाशी आजवर एक शब्द बोललो नव्हतो.

"वळखतो की," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी माफीचं काहीतरी पुटपुटलो. तो चपला घालत म्हणाला, "तुमी मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं," आणि गिरणीकडे गेला. दळणं खोळंबली होती.

घरी पोचलो तर ओसरीवर सगळे जमलेले. फोटो काढून टाकण्याआधी भावकीतल्या निम्म्यांनी पाहिला होता. कुणी 'मोडा' लिहिलं होतं, कुणी 'अण्णा ग्रेट'. मी घडलं ते सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. रतन कपाळाला हात लावून बसली.

अश्विनी मात्र रडली नाही, ओरडलीही नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी पण पाहिला होता फोटो," ती म्हणाली. "मोठा करून. रोज मायक्रोस्कोपखाली बघायची सवय आहे मला. त्याचे डोळे मिटलेले मला तेव्हाच दिसले होते. सगळा मालधक्का गाडीकडं बघतोय आणि हा सांगितलं तसा पाठ करून उभा आहे. मामा, मला हाच पाहिजे होता. पण आता त्याला आपण पाहिजे असू का?"

मला त्या पोरीसमोर बसवेना. शरम वाटली, आणि शरमेपेक्षा भीती जास्त.

नगरहून फोन आला नाही. आम्ही कुठल्या तोंडानं करणार? अश्विनी लॅबला जात होती, येत होती, जेवत होती. रतन माझ्याशी कामापुरतं बोलत होती. भावकीतल्या एका पोरीचं नवं स्थळ माझ्याकडे चौकशीला आलं, ते मी वाचलंही नाही.

मग एका सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात मी चहा पीत होतो, तर शेजारी एक टोपीवाले गृहस्थ येऊन बसले. पाहुणा माणूस. चहा मागवला, इकडं तिकडं पाहिलं, मला म्हणाले, "गाय बघायला आलोय."

माझा कप ओठाशीच थांबला.

"कुठून आलात?"

"राजूरहून."

राजूरचा स्वतःचा जनावरांचा बाजार सोडून गाईसाठी कुणी घाट उतरून कोल्हारला येत नाही. गृहस्थांनी गाईची गोष्ट लवकरच संपवली. गाव कसं, पाणी कसं, मग रतनच्या घराची माणसं कशी, पोरगी कशी. मी नीट उत्तरं दिली. मग त्यांनी आवाज खाली घेतला.

"पोरीचा मामा कसा हाय वो? लई काय काय ऐकलंय."

मी कोण ते त्यांना माहीत नसावं, असं मला वाटलं. मामा देवमाणूस आहे असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण चांगलं बोललेलं कुणी धरत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? आणि खोटं बोलून ती पोरगी मला पुन्हा पणाला लावायची नव्हती.

"मामा लई संशयी मानूस हाय," मी म्हणालो. "सरळ इचारायचं त्येला जमत न्हाई, लपून बघतो. त्येच्यापायी पोरीची दोन चांगली स्थळं गेली, तिसरं जायच्या वाटंवर हाय. त्यो काय सुधारायचा न्हाई. पन पोरगी त्येच्यावर गेलेली न्हाई. ती नीट बघितल्याबिगर कुनाला नाव ठेवत न्हाई. मामाकडं बघू नका. पोरीकडं बघा."

"तुमी वळखता त्येंना?"

"जलमापासनं."

गृहस्थांनी मान हलवली. टोपी काढून मांडीवर ठेवली, खिशातून मोबाईल काढला, चष्मा लावला आणि एक फोटो शोधून माझ्यासमोर धरला. पुलावरून काढलेला होता. लांबच लांब कांद्याची रॅक वळणावरून निघालेली, हमाल, पोती, ऊन. आणि खाली कोपऱ्यात उसाच्या रसाच्या गाड्यामागून मान लांब करून बघत असलेला मी.

"मी आदिनाथचा चुलता," ते म्हणाले. "वहिनी म्हनली, त्या घरची चौकशी करून या. तर पोरगं म्हनलं, गावात दुसऱ्या कुनाला इचारू नका. ह्या फोटूतल्या मानसालाच इचारा, त्यो खरं सांगंल."

माझा चहा तसाच राहिला. मी उठलो आणि त्यांना म्हणालो, "घरी चला. चहा तिथंच घेऊ."